गुलमर्गचं खोटं बुकिंग

रिसेप्शनवरच्या मुलाने रजिस्टर उघडलं, पण आमचं नाव शोधायला नाही. थेट शेवटचं पान काढून त्याने पेन माझ्या हातात दिलं. ‘मॅडम, इधर नाम लिख दीजिए. जिस नंबर पे पैसा भेजा, वो भी.’ त्या पानावर आधीच सहा नावं होती. कुणी सुरतचं, कुणी इंदूरचं. सातवे आम्ही, नाशिकचे.

बाहेर गुडघाभर बर्फ. पायथ्याच्या टंगमर्ग गावात भाड्याने घेतलेले गमबूट मी अजून काढलेही नव्हते.

लग्नाला सतरा वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. जानेवारीत मुलांच्या शाळा चालू, त्यामुळे संक्रांत झाली की चार दिवस जाऊन येऊ असं ठरलं. सासूबाई घरी येऊन राहायला तयार होत्या. खरं तर त्यांनीच आम्हाला ढकललं. पण मुलांना टाकून आईबाप बर्फात खेळायला निघाले, हे कुणाला सांगायचं तोंड मला नव्हतं. मुलांना सांगितलं, दिल्लीला बाबांच्या ऑफिसातल्या एकाचं लग्न आहे. मग सगळं बुकिंग रात्री अकरानंतर, दार लावून, दबक्या आवाजात. चोरून बुकिंग केलं आणि चोराकडेच केलं.

हॉटेल खरं होतं, हे आधी सांगते. नकाशावर नाव शोधलं, फोटो बघितले, रिव्ह्यू वाचले आणि तिथेच दिसणाऱ्या नंबरवर बोट ठेवलं. नंबर तेवढा हॉटेलचा नव्हता. नकाशावरच्या नोंदीत कुणीही बदल सुचवू शकतं, आणि मालकाचं लक्ष नसेल तर खोटा नंबर तिथे बसून राहतो, हे मला आता माहीत आहे.

फोनवरचा माणूस इतका गोड बोलायचा की काय सांगू! चिल्लई कलान म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, हे मला त्यानेच समजावलं. ‘बुखारीवाला कमरा लीजिए मॅडमजी, हीटर का भरोसा नहीं, लाइट जाती है.’ बुखारी म्हणजे लाकडं जाळायची शेगडी. असं सांगणारा माणूस खोटा कसा वाटेल? दोन रात्रींचे एकोणीस हजार, निम्मे आधी. यूपीआयवर पैसे टाकताना हॉटेलचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं. मी विचारलंसुद्धा. ‘अकाउंटंट का है, जीएसटी का लफडा रहता है.’ जीएसटी म्हटलं की आपण मान डोलावतो. मी साडेनऊ हजार पाठवले.

दुसरा फटका निघायच्या आदल्या रात्री बसला. गोंडोलाची, म्हणजे तिथल्या केबल कारची, तिकिटं अधिकृत साइटवर आमच्या तारखांना संपली होती. हे मात्र खरंच होतं, आणि त्याला ते पक्कं ठाऊक असणार. त्याने स्वतःहून फोन केला. हॉटेलचा कोटा आहे, कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा आणि वर अफरवटचा दुसरा, दोघांची दोन्ही तिकिटं देतो. टंगमर्गहून बर्फासाठी चाकांना चेन लावलेली गाडीही देतो. सात हजार आठशे. दहा मिनिटांत पीडीएफ आलं. मी ते उघडून झूम करूनही बघितलं नाही, बॅग भरत होते.

श्रीनगरला उतरल्यावर माझा फोन मुका झाला. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. सगळे व्यवहार माझ्या फोनवरून झालेले, त्याचा नंबर माझ्याकडे, आणि चालू फोन फक्त नवऱ्याचा. टंगमर्गला पोचल्यावर नवऱ्याच्या फोनवरून लावला. पहिल्यांदा ‘गाडी निकल गयी है’, दुसऱ्यांदा ‘पाँच मिनिट’, तिसऱ्यांदा बंद. तासभर थांबून आम्ही तिथलीच चेनवाली गाडी केली आणि तेरा किलोमीटरचा घाट चढून वर गेलो.

रिसेप्शनवरचा मुलगा भला होता. एक खोली शिल्लक होती, ती दिली, आणि निखाऱ्यांची कांगडी आणून माझ्या पायाशी ठेवली. गोंडोलाचा असा हॉटेल-कोटा वगैरे काही नसतो, हेही त्यानेच सांगितलं. खोटा नंबर काढायला त्यांनी तक्रारी केल्या होत्या, पण एक निघाला की दुसरा येतो म्हणे. पर्समध्ये तिळगुळाची डबी होती. त्यातला लाडू त्याच्या हातावर ठेवताना मला रडूच आलं.

१९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर. चौथ्या प्रयत्नात लागला. बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारतात, तो तयार ठेवा. आम्ही फोन धरून वायफायच्या रेंजसाठी खोलीभर फिरत होतो. साडेनऊ हजारांना बारा दिवस होऊन गेले होते, ते खातं केव्हाच रिकामं झालेलं. दोन दिवसांपूर्वीच्या सात हजार आठशेपैकी साडेतीन हजार पुढच्या कुठल्यातरी खात्यात अडकवले आहेत असं कळलं. ते अजून मिळालेले नाहीत. कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगितलं होतं.

त्या रात्री मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं खरं सांगावं लागलं, कारण माझ्या ईमेलमधलं बुकिंगचं व्हाउचर आणि ती पीडीएफ तक्रारीला जोडायची होती आणि ते घरच्या लॅपटॉपवर होतं. तो नववीत आहे. उघडल्यावर अर्ध्या मिनिटात म्हणाला, ‘आई, तारखेचा फॉन्ट वेगळा आहे. आणि दोन्ही तिकिटांवर नंबर एकच आहे.’

त्याने पाठवलेलं पीडीएफ मी झूम केलं. खरंच, तारीख जरा जाड होती.

मागून धाकटीचा आवाज आला, ‘म्हणजे लग्न नव्हतंच?’