‘उन्हात दिसणारा’ टॅबलेट आणि माझे ३४ हजार

सांगली जिल्ह्यात मी लग्नाचं आणि शेतीचं शूटिंग करतो. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला, रिमोटला मोबाईल अडकवून उडवायचा, जुना. चाळिशी लागल्यापासून सहा इंचाच्या पडद्यावर विजेची तार दिसेना, म्हणून मोठा पडदा शोधत होतो. फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने नंबर दिला. ‘बाहेरून आणलेला खास ड्रोनचा टॅब आहे, १२०० निट्स, भर उन्हात टकाटक.’

निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप. साधे टॅबलेट ३०० ते ५०० च्या घरात असतात. ड्रोनवाल्यांसाठी हजार-बाराशेचे टॅबलेट जगात खरंच बनतात, त्यामुळे आकडा ऐकून शंका आली नाही. आणि फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी असल्याने आपल्या धंद्यात बरंचसं सामान असंच ओळखीपाळखीतून फिरतं. आडमार्गाने वस्तू घ्यायची सवय मला आधीच लागलेली होती, हे कबूल करतो.

दुकान वरच्या मजल्यावर, वेळ संध्याकाळी सहाची. त्याने टॅबलेट पेटवला आणि शेजारी एका नावाजलेल्या कंपनीचा टॅबलेट ठेवला. तो याच्यापुढे मिणमिणता दिसत होता. दुसऱ्या टॅबलेटचा उजेड त्याने मुद्दाम उतरवून ठेवला असणार, हे घरी येऊन आठ दिवसांनी डोक्यात आलं. वरून बोट ओढून ती पट्टी बघायला दोन सेकंद लागतात. मी बघितली नाही.

‘गच्चीवर जाऊन बघू या का?’ म्हटलं, तर म्हणाला, ‘दादा, आता ऊन कुठलं? घरी बघा, नाही पटलं तर परत आणा.’ ३८ हजारांवरून ३४ वर आला. बिल मागितलं तर, ‘जीएसटीचं बिल केलं की १८ टक्के वर पडतील, कशाला?’ पैसे यूपीआयने गेले, तेही तिसऱ्याच माणसाच्या नावावर. हातात चिठ्ठी मिळाली : टॅब, १ नग.

घरी व्हरांड्यात चालवून बघितला. झकास. मग एप्रिलमध्ये तासगावकडचं काम आलं. एका बागायतदारांना बेदाण्याची शेड, हिरव्या जाळ्या आणि मागची द्राक्षबाग असं सगळं एका उड्डाणात हवं होतं. दुपारी साडेबाराला ड्रोन वर गेला आणि पडद्यात मला माझी टोपी, माझा पांढरा सदरा आणि मागचा कडुलिंब दिसायला लागला. ड्रोन काय बघतोय ते सोडून सगळं. बागायतदार आबा खांद्यावरून डोकावले आणि म्हणाले, ‘ह्यात दाढी करता येईल की!’

त्या पांढऱ्या सदऱ्याचं गणित मी नंतर मांडलं. दुपारचं थेट ऊन साधारण एक लाख लक्स (लक्स म्हणजे वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप). त्यात पांढरं कापड सुमारे २५ हजार निट्सने चमकतं, आणि साधी काच समोरून आलेल्या उजेडापैकी जवळपास ४ टक्के परत फेकते. म्हणजे माझ्या सदऱ्याचंच हजारएक निट्सचं प्रतिबिंब पडद्यावर बसलं होतं. खऱ्या १२०० निट्सलाही ते जड गेलं असतं. दुकानातल्या ट्यूबलाईटचा उजेड काहीशे लक्सचा, तिथे कुठलाही पडदा राजा.

सहा-सात मिनिटांनी टॅबलेट आपोआप मंद झाला, चित्र अडकलं आणि यंत्र बंद पडलं. उन्हात तापल्यावर चांगल्या कंपन्यांचे टॅबलेटही कुरकुरतात. आयपॅडच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ३५ अंश लिहिलेली असते, आणि आमच्याकडे पारा चाळिशीला टेकलेला. टॅबलेट मेला तरी रिमोट आणि ड्रोन यांचा संबंध तुटत नाही, हे आठवलं म्हणून निभावलं. घरी परत यायचं बटण दाबून धरलं, ड्रोन खाली उतरला. परतीची उंची तारांच्या वर ठेवलेली होती, नाहीतर हा मजकूर आणखी लांबला असता.

ड्रोनचं मेमरी कार्ड उघडल्यावर दुसरा धक्का. पडद्यावर अंधार दिसतोय म्हणून मी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, वाढवत गेलो होतो. जाळ्या पांढऱ्याफटक, आकाश तर गायबच. काम परत फुकट करून दिलं.

मग तपासणी सुरू केली. टॅबलेटवर पूर्ण पांढरं चित्र, उजेड शंभर टक्के, आणि मित्राच्या फोनमधलं लक्स मोजायचं अ‍ॅप, त्याचा सेन्सर काचेला टेकवून. तेच माझ्या फोनच्या पडद्यावर, ज्याचे कंपनी ५०० निट्स सांगते. टॅबलेटचा आकडा त्याच्या निम्म्याहून थोडासाच जास्त. हे काही प्रयोगशाळेचं मोजमाप नव्हे, पण १२०० आणि तीनशेच्या आतबाहेर यांतला फरक कळायला पुरतं. सेटिंगमध्ये २५६ जीबी लिहिलंय, पन्नासएक जीबी भरल्यावर आधीच्या क्लिपा उघडेनात. चिप ओळखणाऱ्या अ‍ॅपने भलतंच जुनं नाव दाखवलं. सेटिंगच्या पानावरचा मजकूर बनावट घालता येतो, हे मला माहीतच नव्हतं. जीपीएस नाही ते वेगळंच. (फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्येही ते नसतं, घेणाऱ्यांनी बघून घ्या.)

विक्रेत्याला फोन केला. ‘ऊन जास्त असेल दादा. मॅट फिल्म लावा, आठशे रुपये.’ दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर बोललो, तिथे पहिला प्रश्न बिलाचा. चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव, ना मॉडेल, ना १२०० हा आकडा. निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तो आकडा त्याच्याकडून लिहून घेतला असता, तर हातात काहीतरी असतं. चिठ्ठी आणि यूपीआयची नोंद जोडून तक्रार दिली आहे. पुढे काही हललेलं नाही.

सध्या जुनाच मोबाईल. गावातल्या शिंप्याकडून फाटक्या छत्रीच्या काळ्या कापडाचं झाकण शिवून घेतलंय, साठ रुपयांत. शूटिंगला जाताना काळा शर्ट घालतो. आबांच्या शेडवर दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तार दिसली.