ट्रस रॉड बदलला म्हणाला आणि ₹९,७०० घेऊन गेला

तपासणीचे ₹५००. मुंबईहून ट्रस रॉड (बास गिटारच्या नेकमधला, म्हणजे मानेतला, तिचा बाक सांभाळणारा लोखंडी दांडा) मागवायचे ₹५,२००. फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, लेव्हल करायचे ₹२,८००. गणपतीच्या आत हवं म्हणून 'अर्जंट'चे ₹१,२००. झाले ₹९,७००, आणि एवढ्या पैशांत माझ्या बासच्या हेडस्टॉकवरच्या (खुंट्या असतात त्या टोकावरच्या), रॉडचं तोंड झाकणाऱ्या झाकणाचा एक स्क्रूसुद्धा हललेला नव्हता. स्क्रूच्या खाचेतली जुनी धूळ जशीच्या तशी होती.

तक्रार साधी होती. कोल्हापुरात पाऊस लागला आणि जाड ई तार पहिल्या चार-पाच फ्रेटवर करकरायला लागली. बाराव्याच्या पुढं एकदम स्वच्छ. यातलं कळणाऱ्यांनी एवढ्यावरच ओळखलं असेल. मला कळलं नाही, आणि का कळावं? मी ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. गाडी चालवणाऱ्याला इंजिन उघडता आलंच पाहिजे असं कोण म्हणतं?

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ओळखीतून मिळालेला दुरुस्तीवाल्याचा नंबर, गोड बोलणं, आधी थोडे पैसे मग जास्त, सगळं यूपीआयवर, आणि बिलाचं विचारलं की "देतो की सर, पळून चाललोय व्हय." वर मिरजेचं नाव. "मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढायला शिकलोय, तुमचा बास म्हणजे काय." मिरज म्हटलं की आपल्याकडं कुणाचीही मान खाली जाते, माझीही गेली. पण जवारी म्हणजे तारेची झणझण, तंबोऱ्यात ती मुद्दाम आणतात, घोडीवर घासून घासून. मला ती घालवायची होती. हे तेव्हा सुचलं नाही. घरी सुचलं.

पण खरं डोकं फिरतं ते दुसऱ्याच गोष्टीनं. बास परत देताना त्यानं गंजका रॉड हातात ठेवला. "हा बघा तुमचा तुटका रॉड." मी तो हातात घेतला. उलटापालटा करून बघितला. वर त्याला थँक्यू म्हणालो! फूटभर लांब होता तो. चौतीस इंची स्केलच्या (म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीच्या) बासमध्ये रॉड दोन फुटांच्या आसपास असतो. बास तिथंच, माझ्या पाठीवरच्या बॅगेत. चेन उघडून नेकला लावून बघायला किती वेळ लागला असता? पण बाहेर धो धो पाऊस, संध्याकाळी प्रॅक्टिस, आणि मुख्य म्हणजे त्यानं वाजवून दाखवलं तेव्हा बझ, म्हणजे ती करकर, खरंच गेला होता. कान सांगत होते काम झालंय. कुणीही विश्वास ठेवला असता.

बझ गेला होता, कारण पठ्ठ्यानं ब्रिजवरची सॅडल्स, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ते तुकडे, उचलून ठेवली होती. तार इतकी वर की प्रॅक्टिसमध्ये अर्ध्या तासात मनगट भरून आलं. म्हणून म्हणतो, दुरुस्तीला देण्याआधी बाराव्या फ्रेटवर तार किती वर आहे ते मोजा, फोटो काढा, आणल्यावर परत मोजा.

उद्यमनगरात मशीन शॉपमध्ये असणारा एक मित्र फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घेऊन घरी आला. आधी तारा सुरात लावल्या. मग ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली आणि सातव्या-आठव्याजवळ पातं घालून बघितलं. तिथं साधारण ०.३ मिमी फट हवी. आमच्याकडं ०.०५ चं पातंसुद्धा शिरेना. पावसाळी दमटपणानं लाकूड हललं होतं, नेक मागं वाकला होता, म्हणून तार पहिल्या फ्रेटना घासत होती. झाकण काढलं, बरोबर मापाची ॲलन की लावली, रॉड पाव फेरा सैल केला. तारा परत सुरात, परत मोजलं. सॅडल्स खाली घेतली, ई तार बाराव्यावर अडीच मिमी. बझ गेला. खर्च चहाचा. (एका वेळी पाव फेऱ्याच्या वर जाऊ नका. अडकला तर जोर लावू नका, तिथंच थांबा.)

म्हणजे मूळ रॉड आतच होता आणि धडधाकट होता. माझ्यासारख्या नेकमध्ये तो बदलायचा तर चिकटवलेला फिंगरबोर्ड गरम करून उचलावा लागतो. 'रॉड गेलाय' असं कुणी झाकण न उघडता सांगितलं तर बास उचला आणि चालू लागा.

आता साहेब लोकांचं ऐका. एका चौकीत गेलो. "वाजतंय न्हवं? मग फसवणूक कसली?" मी रॉड टेबलावर ठेवला, तर हवालदार म्हणाले, "हे भंगार उचला हितनं." दुसरे म्हणाले ही दिवाणी बाब, वकील बघा. मी चारशेवीस म्हणालो तर हसून दुरुस्ती केली, "आता तीनशे अठरा." कलम तोंडपाठ, अर्ज घ्यायला मात्र हात उठेना. "तुम्ही स्वतःच्या हातानं पाठवले न्हवं पैसे?" हो, पाठवले! फसवणुकीत पैसे माणूस स्वतःच्याच हातानं देतो, नाहीतर तिला चोरी म्हणाले असते. बँकेत गेलो तर तेच, पिन तुम्ही टाकलाय, आम्ही काय करणार. आणि पहिला नंबर देणारा ओळखीचा म्हणतो, "मी फक्त नंबर दिला, भावा."

₹५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, हे मला कुणी सांगितलं नाही, स्वतः शोधावं लागलं. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, फोन करता येतो. बिल नसलं तर व्यवहारांचे स्क्रीनशॉट आणि चॅट जपा, पुसू नका. रोख तर देऊच नका. आणि अजून एक, ॲम्पमधून ऐकू येत नसेल इतपत बझ असेल तर कुणाकडं जायचीच गरज नाही.

माझा अर्ज टाइप झालाय. सोबत यूपीआयच्या पावत्या, 'रॉड आला सर, नवाकोरा' हा त्याचा मेसेज, आणि पट्टीशेजारी ठेवून काढलेला त्या फूटभर लोखंडाचा फोटो. मागणी ₹९,७०० आणि अर्जाचा खर्च. त्यानं मला ब्लॉक केलंय, त्यामुळं नोटीस पत्त्यावर जाईल. दुकान बंद करायच्या आत पोचली म्हणजे मिळवली.