रिव्हरवर कॉल की फोल्ड: पायोसॉल्व्हर काही महिने वापरल्यानंतर

पायोसॉल्व्हर, म्हणजे पोकरमधली योग्य चाल गणिताने काढणारं सॉफ्टवेअर, घेतला की बरेच जण थेट फ्लॉपपासूनचं (टेबलावरच्या पहिल्या तीन सामायिक पत्त्यांपासूनचं) सगळ्या शक्यतांचं अख्खं झाड सोडवायला बसतात आणि कॉम्प्युटर तासन्‌तास घरघरत राहतो. त्यापेक्षा पाचही पत्ते टाकून फक्त रिव्हर (पाचव्या, शेवटच्या पत्त्यानंतरची फेरी) सोडवा. उत्तर काही सेकंदांत येतं, आणि पॉट (मध्ये जमलेली रक्कम) फुगलेला असतो तो इथेच, म्हणून चुकीची किंमतही इथेच सगळ्यात जास्त मोजावी लागते.

बेटच्या साइझ दोन-तीनच द्या: पॉटच्या 33, 75 आणि 150 टक्के. अचूकता 0.1 टक्क्यावर ठेवायला हरकत नाही, रिव्हरला वेळ लागत नाही. खरा घोळ रेंजमध्ये, म्हणजे खेळाडूकडे असू शकणाऱ्या हातांच्या यादीत, होतो. प्रीफ्लॉपची (फ्लॉपच्या आधीची) रेंज जशीच्या तशी रिव्हरवर टाकली, तर फ्लॉपलाच फोल्ड झाले (सोडून दिले) असते ते हातही जिवंत राहतात, समोरच्याचे ब्लफ फुगतात आणि सॉल्व्हर भलत्याच ठिकाणी कॉल करायला (बेटची बरोबरी करायला) सांगतो. फ्लॉप आणि टर्न (चौथा पत्ता) दोन्हीकडे रेंज चाळून मगच आत टाका. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही.

पॉट ऑड्स, म्हणजे कॉल परवडायला किती टक्के वेळा जिंकायला हवं ते, तोंडपाठ हवेत. कॉलची रक्कम भागिले कॉलनंतरचा एकूण पॉट. अर्ध्या पॉटच्या बेटला 25 टक्के, पाऊण पॉटला 30, पूर्ण पॉटला 33.3, दुप्पट बेटला 40. रेक (टेबल चालवणाऱ्याचा पॉटमधला वाटा) कापला जाणार असेल तर तोही धरा: पूर्ण पॉटच्या बेटवर 5 टक्के रेक असेल तर गरज 35 टक्क्यांवर जाते.

आता एक हात. बोर्डवर इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, चौकट चव्वी, किलवर दुर्री, बदाम सत्ती. फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) आला नाही. तुमच्याकडे बदाम राजा आणि किलवर राणी, समोरून पूर्ण पॉटची बेट. व्हॅल्यू, म्हणजे तुम्हाला हरवणारे हात, मोजा: नव्वी, सत्ती, चव्वी, दुर्रीचे सेट (तीन सारखे पत्ते) प्रत्येकी 3, म्हणजे 12, एक्का-राजा 8, एकाच रंगाचे राजा-नव्वी 2. एकूण 22 कॉम्बो (दोन पत्त्यांच्या जोड्या). हुकलेले इस्पिक ड्रॉ (फ्लश पूर्ण न झालेले दोन इस्पिक पत्ते): एक्क्यासोबत राणी, गुलाम, दश्शी, अठ्ठी, छक्की, पंजी, तिर्री असे 7, शिवाय राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी, अठ्ठी-छक्की, छक्की-पंजी हे 6. म्हणजे 35 पैकी 13 ब्लफ, 37 टक्के. रेक नसो वा असो, कॉल.

किलवरच्या जागी इस्पिक राणी हातात घ्या. तीन ब्लफ तिथेच गळाले. 32 पैकी 10 उरले, 31 टक्के, म्हणजे फोल्ड. जोडी तीच, किकर (जोडीसोबतचा पत्ता) तोच, एका पत्त्याच्या रंगाने निर्णय उलटला. ब्लॉकरचं (समोरच्याचे संभाव्य हात कमी करणाऱ्या आपल्या पत्त्याचं) महत्त्व याहून स्पष्ट कुठे दिसत नाही. ड्रॉ हुकला असेल तेव्हा त्या रंगाचा मोठा पत्ता आपल्या हातात असणं कॉलसाठी वाईटच.

नोड लॉक, म्हणजे समोरचा एखाद्या ठिकाणी कसा खेळतो ते आपणच ठरवून देणं, हे या सॉफ्टवेअरचं सगळ्यात उपयोगी अंग. वरच्या हातात एक्का असलेले ड्रॉ समोरचा खेळाडू बेट न करता चेक करतो, असं लॉक करा. ब्लफ 6 उरतात, 28 पैकी 21 टक्के. किलवर राणीसुद्धा फोल्ड होते. सॉल्व्हर ‘60 टक्के कॉल, 40 टक्के फोल्ड’ असं मिश्र उत्तर देतो तेव्हा दोन्हींचा ईव्ही (सरासरी अपेक्षित फायदा) जवळपास सारखाच असतो. ते आकडे घोकू नका; समोरचा ब्लफ कमी करतो की जास्त, यावरून एक बाजू घ्या.

स्वतः बेट करायची असेल तर पोझिशनमध्ये (समोरच्यानंतर बोलताना) हिशोब सोपा: कॉल करणाऱ्या हातांपैकी निम्म्याहून जास्त आपल्यापेक्षा कमजोर असले की व्हॅल्यू बेट. आधी बोलायचं असेल तर एवढ्याने भागत नाही. रेझचा (समोरच्याने बेट वाढवण्याचा) धोका असतो, आणि चेक केल्यावर समोरचा ब्लफ करून जे देऊ शकला असता तेही सोडावं लागतं.

2025 च्या कायद्यानंतर पैशांचा ऑनलाइन पोकर भारतात बंद आहे, त्यामुळे ज्यांना हे वापरायचं ते मुख्यतः गोव्यातल्या लाइव्ह टेबलांसाठी. तिथे एक अडचण येते: पायोसॉल्व्हर फक्त दोघांमधला पॉट सोडवतो. तिघे रिव्हरपर्यंत आले असतील तर कॉम्बो हातानेच मोजावे लागतात, आणि मागे अजून एक जण बोलायचा असेल तर कॉलसाठी वरच्या टक्केवारीपेक्षा बराच जास्त वाव हवा.