नॉर्वेचा किनारा की बाल्टिकची बंदरे? उत्तर युरोपच्या उन्हाळी प्रवासाचा तुलनात्मक आढावा

उत्तर युरोपात उन्हाळ्यात रेल्वेने आणि जहाजाने फिरायचे ठरवले की दोन वाटा ठळकपणे समोर येतात. पहिली वाट ऑस्लोहून रेल्वेने बर्गनला जाते आणि तेथून किनारी जहाजाने नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे वळते. दुसरी वाट कोपनहेगनहून रेल्वेने स्टॉकहोमला, तेथून रात्रीच्या जहाजाने हेलसिंकीला आणि पुढे फिनलंडचे आखात ओलांडून टॅलिनला पोहोचते. दोन्ही प्रवास दहा ते चौदा दिवसांत बसतात आणि दोन्हींना युरोपातील अनेक देशांत चालणारा एकच शेंगेन व्हिसा पुरतो, म्हणून अनेकजण केवळ पॅकेजच्या किमतीवरून किंवा छायाचित्रांवरून निवड करतात. मात्र या दोन प्रवासांचा पिंडच वेगळा आहे. नॉर्वेमध्ये समुद्र आणि त्याच्या काठचे डोंगर हेच पाहण्याचे स्थळ असते, तर बाल्टिकमध्ये समुद्र हा मुख्यतः एका शहरातून दुसऱ्या शहरात नेणारा रस्ता असतो. आपल्याला यांपैकी काय हवे आहे, हे आधी ठरवले तर बाकीचे प्रश्न बरेच सोपे होतात.

नॉर्वेची वाट

या प्रवासाचा पहिला दिवसच अविस्मरणीय आहे. ऑस्लो ते बर्गन ही रेल्वे 1909 मध्ये पूर्ण झाली. साधारण सात तासांच्या प्रवासात ती जंगलांतून आणि तळ्यांकाठून चढत फिन्से या 1,222 मीटर उंचीवरच्या स्थानकापर्यंत जाते आणि तेथून पश्चिम किनाऱ्याकडे उतरते. वाटेत मिरडालला उतरून फ्लोमची छोटी गाडी पकडता येते. केवळ 20 किलोमीटरमध्ये ही गाडी सुमारे 865 मीटर खाली येते आणि फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये खोल शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीच्या, पाण्यालगत थांबते. फ्लोमहून गुडवांगेनपर्यंतची बोट नॅरोयफियॉर्डमधून जाते. गेइरांगरफियॉर्डबरोबर याचाही समावेश 2005 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. सर्वांत अरुंद ठिकाणी त्याचे दोन्ही काठ एकमेकांपासून जेमतेम 250 मीटरवर येतात. ज्यांना जहाजाचा लांब प्रवास परवडणार नाही किंवा झेपणार नाही, त्यांनी ऑस्लो, फ्लोम आणि बर्गन एवढेच चार-पाच दिवसांत केले, तरी नॉर्वेचे सार हाती लागते, असे मी निःसंकोचपणे सांगेन.

बर्गनहून सुटणाऱ्या किनारी जहाजाला क्रूझ समजून जाऊ नये. कॅप्टन रिचर्ड विथ यांनी 1893 मध्ये ही सेवा सुरू केली, तेव्हा तिचे काम उत्तरेकडील वस्त्यांपर्यंत टपाल, माल आणि माणसे पोहोचवण्याचे होते, आणि ते काम आजही चालू आहे. हुर्टिग्रुटेन आणि 2021 पासून हाविला अशा दोन कंपन्यांची जहाजे मिळून ही सेवा चालवतात. बर्गन ते किर्केनेस (हे उत्तरेकडचे शेवटचे बंदर) या मार्गावर 34 बंदरे लागतात. अनेक ठिकाणी जहाज अर्ध्या तासापेक्षाही कमी वेळ थांबते: बाजूचा दरवाजा उघडतो, फोर्कलिफ्ट मालाचे गठ्ठे आत-बाहेर करते, पिशव्या घेतलेली दोन-चार स्थानिक माणसे चढतात आणि दोर सोडले जातात. जहाजावर नाच-गाण्याचे कार्यक्रम, कॅसिनो किंवा मोठे जलतरण तलाव नाहीत. करमणूक म्हणजे काचेच्या मोठ्या खिडकीपाशी बसून सरकणारा किनारा पाहणे. हे ज्याला तासन् तास आवडेल, त्याला या जहाजावर कंटाळा शिवणार नाही. ज्याला आवडणार नाही, त्याला तिसऱ्या दिवशी काय करावे हा प्रश्न पडेल.

उत्तरेकडे जाताना किर्केनेस सातव्या दिवशी येते आणि परतीसह पूर्ण फेरी बारा दिवसांची होते. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने पूर्ण फेरी घेण्याऐवजी बर्गन ते ट्रोम्सो हा चार रात्रींचा टप्पा घ्यावा आणि ट्रोम्सोहून विमानाने ऑस्लोला परतावे, कारण ट्रोम्सोपर्यंत रेल्वे पोहोचतच नाही. या टप्प्यात 1904 च्या आगीनंतर नव्याने बांधलेले देखणे ओलेसुंद शहर, ट्रॉन्हेमचे निदारोस कॅथेड्रल, आर्क्टिक वृत्त ओलांडण्याची सकाळ आणि लोफोटेन बेटे हे सर्व येते. लोफोटेनला जहाज संध्याकाळी पोहोचते, पण जूनमध्ये तेथे संध्याकाळचा अंधार नसतोच. समुद्रातून सरळ वर आलेले काळे सुळके आणि त्यांच्या पायथ्याची लाल लाकडी घरे रात्री नऊ वाजताही स्वच्छ उजेडात दिसतात. याच बेटांवर फेब्रुवारी ते मे या काळात शेपट्या जोडीने बांधून लाकडी मांडवांवर कॉड मासा वाळत घातला जातो. आपल्याकडे वसई-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळतात तसाच हा प्रकार आहे, फक्त येथे मीठ किंवा कडक ऊन न लावता थंड वाऱ्यावर महिनोन् महिने सुकवतात. जूनच्या उत्तरार्धात गेल्यास बहुतेक मांडव रिकामे दिसतील.

समुद्र लागण्याची भीती असणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हा मार्ग बव्हंशी बेटांच्या आडोशाने जातो, परंतु स्टाडचे भूशिर, हुस्टाडविका आणि बुडो ते लोफोटेनमधला वेस्टफियॉर्ड हे टप्पे उघड्या समुद्राचे आहेत. उन्हाळ्यात ते बहुधा शांत असतात, तरी गोळ्या जवळ असाव्यात.

बाल्टिकची वाट

येथे आकर्षण शहरांचे आणि इतिहासाचे आहे. कोपनहेगनहून निघालेली गाडी आधी समुद्राखालच्या बोगद्यातून आणि मग ओरेसुंद पुलावरून स्वीडनमध्ये शिरते. 2000 मध्ये खुला झालेला हा पूल जवळजवळ आठ किलोमीटर लांब आहे. स्टॉकहोममध्ये वासा हे जहाज पाहण्यासाठी किमान अर्धा दिवस राखून ठेवावा. 1628 मध्ये पहिल्याच सफरीत, बंदरातून बाहेर पडता पडता ते बुडाले आणि 1961 मध्ये वर काढले गेले. बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारा किडा जगत नाही, म्हणून ते तीन शतकांहून अधिक काळ टिकले. मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी संपूर्ण उत्तर युरोपात याच्या तोडीचे संग्रहालय मला दुसरे सुचत नाही.

स्टॉकहोम ते हेलसिंकी हे जहाज दुपारी उशिरा निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचते. बाहेर पडताना पहिले काही तास ते हजारो बेटांमधून वाट काढते, आणि जूनमध्ये हा सर्व भाग उजेडात पाहता येतो. त्यामुळे केबिनमध्ये सामान टाकून लगेच वरच्या डेकवर जावे आणि जेवण उशिरा घ्यावे. सकाळी हेलसिंकीत शिरताना सुओमेनलिन्ना या बेटावरच्या किल्ल्याच्या तटापासून जहाज इतके जवळून जाते की तटावर फिरणाऱ्या माणसांचे चेहरे दिसतात. ही जहाजे मध्यरात्रीच्या सुमारास ऑलंड बेटांवरच्या मारिएहाम्नला थांबतात, कारण ऑलंड युरोपीय संघाच्या करव्यवस्थेच्या बाहेर आहे आणि तेथे थांबल्यामुळे जहाजावर करमुक्त विक्री करता येते. याचा परिणाम असा की शुक्रवार-शनिवारी स्थानिक प्रवासी मौजमजेसाठी आणि मद्यखरेदीसाठी मोठ्या संख्येने येतात आणि रात्री उशिरापर्यंत गोंगाट चालतो. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर आठवड्याच्या मधल्या दिवसाचे तिकीट काढावे.

हेलसिंकीहून टॅलिन दोन-अडीच तासांवर आहे. तटबंदीने वेढलेल्या जुन्या शहराला 1997 मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. नगरभवनाच्या चौकात औषधांचे एक दुकान आहे, ज्याची नोंद 1422 पर्यंत मागे जाते. टॅलिनमध्ये अनेकजण सकाळी येऊन संध्याकाळी हेलसिंकीला परततात. ते टाळून एक रात्र तरी तेथे राहावे, कारण दिवसभराची गर्दी निघून गेल्यावर गल्ल्या मोकळ्या होतात. पुढे वेळ असल्यास बसने साधारण साडेचार तासांत लाटव्हियाची राजधानी रिगा गाठता येते. 23 ऑगस्ट 1989 रोजी सोव्हिएत सत्तेविरुद्ध लाखो माणसांनी हातात हात घालून टॅलिन, रिगा आणि विल्नियस ही शहरे जोडणारी साखळी उभी केली होती. जुन्या माहितीपत्रकांत बाल्टिकच्या मार्गावर रशियातील सेंट पीटर्सबर्ग हमखास आढळते, पण 2022 पासून क्रूझ कंपन्यांनी ते बंदर वगळले आहे.

शाळेच्या सुट्टीचा अडसर

महाराष्ट्रातून सहकुटुंब जाणाऱ्यांसाठी खरा निर्णय बहुधा तारखांवर होतो. आपल्या शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात, आणि उत्तर युरोपाचा उन्हाळा तेव्हा कुठे रंगात येत असतो. मेअखेर गेल्यास फिन्सेच्या पठारावर बर्फ असतो आणि तळी गोठलेली असतात. मुलांना याचा आनंद होईल, परंतु किनारी जहाज गेइरांगरफियॉर्डमध्ये साधारण जून ते ऑगस्ट या काळातच शिरते. मध्यरात्रीचा सूर्य ट्रोम्सोला साधारण 20 मे ते 22 जुलै या काळात दिसतो, म्हणजे तो मेअखेरीसही मिळतो. बाल्टिकची शहरे मात्र मेअखेरपासून हिरवीगार आणि प्रवासाला पूर्ण तयार असतात. म्हणून सुट्टीची मर्यादा असलेल्या कुटुंबाने बाल्टिक निवडावे आणि तारखांचे बंधन नसलेल्यांनी जूनच्या मध्यानंतर नॉर्वेला जावे, असे माझे मत आहे. बाल्टिकला उशिरा जाणाऱ्यांनी 19 ते 25 जूनमध्ये येणारा मध्यग्रीष्माचा सण मात्र पाहून घ्यावा. त्या दोन-तीन दिवसांत स्टॉकहोम आणि हेलसिंकीचे लोक गावाकडे जातात आणि बरीच दुकाने व उपाहारगृहे बंद असतात.

हवामानाच्या बाबतीत बाल्टिक अधिक भरवशाचे आहे. जुलैमध्ये स्टॉकहोमचे दिवसाचे तापमान 22-23 अंशांच्या आसपास असते, तर ट्रोम्सोची सरासरी 12-13 अंश आहे. बर्गनमध्ये वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बारा महिन्यांत विखुरलेला असतो, त्यामुळे तेथे छत्रीपेक्षा चांगला रेनकोट उपयोगी पडतो.

खर्च, जेवण आणि गुडघे

खर्चात नॉर्वे निर्विवादपणे महाग आहे. किनारी जहाजाचे भाडे माणशी लागते, तर बाल्टिकच्या रात्रीच्या जहाजांवर सहसा संपूर्ण केबिनचे भाडे असते. चारजणांच्या कुटुंबाला एकाच केबिनमध्ये रात्रीचा मुक्काम आणि प्रवास दोन्ही मिळतात, ही मोठी बचत आहे. नॉर्वेत रेल्वेची तिकिटे लवकर काढल्यास बरीच स्वस्त पडतात आणि किनारी जहाजावर दोन बंदरांपुरते तिकीटही मिळते; एका दिवसाचा टप्पा घेऊन अनुभव घेणे हा मधला मार्ग आहे. शाकाहाऱ्यांची सोय बाल्टिकमध्ये अधिक चांगली होते. स्टॉकहोम आणि हेलसिंकीत भारतीय उपाहारगृहे सहज सापडतात, तर किनारी जहाजावर आपली गरज आरक्षणाच्या वेळीच कळवावी लागते.

वयस्कर आई-वडिलांना नेताना अनेकजण नॉर्वे अवघड समजतात, पण माझा अंदाज उलट आहे. जहाजावर खोली एकदाच लावायची असते आणि देश खिडकीतून पुढे सरकतो. टॅलिनच्या आणि स्टॉकहोमच्या जुन्या भागातील दगडी फरसबंदी व चढ-उतार गुडघ्यांची अधिक परीक्षा घेतात, शिवाय दर दोन-तीन दिवसांनी बॅगा भराव्या लागतात.

व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा असतो आणि मुक्काम समान असल्यास जेथे प्रथम प्रवेश होतो त्या देशाकडे. नॉर्वेच्या प्रवासात हे आपोआप ठरते. बाल्टिकमध्ये रात्री विभागल्या जातात, म्हणून स्वीडन किंवा फिनलंडमध्ये एक-दोन रात्री जास्त ठेवून कार्यक्रम आखावा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान 30,000 युरोंचा विमा आवश्यक असतो. नॉर्वेला जोडून आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड या नॉर्वेच्याच बेटसमूहावर जाण्याचा विचार असल्यास ते शेंगेन क्षेत्राबाहेर आहे, त्यामुळे दोन प्रवेशांचा व्हिसा मागावा लागेल.

ज्यांच्याकडे तीन आठवडे आहेत, त्यांना निवड करण्याची गरज नाही. किनारी जहाजाने लोफोटेनपर्यंत जावे, बसने नार्विक गाठावे, तेथून किरुनामार्गे स्टॉकहोमला येणाऱ्या रात्रीच्या गाडीत बसावे आणि पुढे बाल्टिकचे जहाज पकडावे. नार्विकहून निघाल्यावर गाडी फियॉर्डच्या कड्यावरून स्वीडनच्या सीमेपर्यंत चढते, म्हणून त्या टप्प्यात पाण्याच्या बाजूची जागा मिळवण्याचा प्रयत्न करावा. उन्हाळ्यात या गाडीच्या शयनकक्षांची तिकिटे लवकर संपतात, त्यामुळे आधी या गाडीची तारीख पक्की करून मगच जहाजाचे आरक्षण करावे.