नाकाचा स्प्रे: सहा महिने वापरल्यावर, आणि पहिली बाटली घशात गेल्यावर

फ्लुटिकासोनचा स्प्रे, म्हणजे ॲलर्जीसाठी नाकात मारायचं स्टेरॉइड, काय असतो ते ॲलर्जीवाल्यांना सांगायला नको. एका फवाऱ्यात 50 मायक्रोग्रॅम, बाटलीत 120 फवारे. रोज दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन मारले की महिन्यात बाटली रिकामी. लिहायला बसले ते मेडिकलवाल्याशी झालेल्या वादामुळं. "काही फरक न्हाई" म्हटलं तर म्हणतो, "ताई, मान चांगली मागं टाका आणि जोरात ओढा!"

मान मागे टाकली की औषध नाकाच्या तळावरून सरळ घशात उतरतं. जोरात ओढलं की अजून लवकर. या औषधाला फुलासारखा वास असतो. तो घशात जाणवला की समजायचं, फवारा गिळला. बाटली साडेतीनशेची, म्हणजे फवारा तीनेक रुपयांना पडतो. महिनाभर रोज सकाळी बारा रुपये गिळून वर चहा प्यायले मी! तेव्हाच लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता.

मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब बघते. दिवाळीनंतर रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, आवक वाढली, पोती झटकली जायला लागली की शिंका सुरू. सौद्याच्या वेळी बोली ऐकू येईना, इतक्या. शेवटी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी चिठ्ठी लिहायच्या आधी बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मारून दाखवा." बघितलं, आणि माझी मान पुढं केली.

नजर पायाच्या अंगठ्याकडं. उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा. हात असा उलटा घेतला की नोझल आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडं वळतं आणि फवारा मधल्या पडद्यावर बसत नाही. पडदा नाजूक असतो, रोज त्यावरच मारलं तर कोरडा पडून रक्त येतं. माझ्या रुमालावर ठिपके दिसत होते ते ह्याचेच. श्वास हलका घ्यायचा, फुलाचा वास घेतो तेवढाच.

आता माझा राग त्या कागदावर. खोक्यात घडी घालून कोंबलेला, मुंगीएवढी अक्षरं, सगळी इंग्रजी. दुष्परिणामांची यादी हातभर, आणि मानेचं एक चित्र न्हाई! साडेतीनशे रुपयांत एक चित्र बसत नसेल तर कमाल आहे. मी भिंग घेऊन दोन्ही बाजू वाचल्या. मान पुढं करायची ओळ आहे, पण मधेच कुठंतरी दडवलेली.

मान बदलल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत नाक मोकळं झालं. हे औषध लगेच लागू होत नाही, रोज घ्यावं लागतं, म्हणून पहिल्या चार दिवसांत शिव्या घालू नका.

नाक चोंदल्यापासून वास येणंही कमी झालं होतं, तो मात्र अर्धाच परत आला. वासाची जागा नाकात पार वर, अरुंद फटीत असते, तिथं फवारा फारसा पोचत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी वेगळे थेंब दिलेत. ते कुशीवर झोपून, डोकं कलतं ठेवून, हनुवटी वर वळवून घालायचे. या पद्धतीचं नाव जपानी, कायतेकी. सासूबाई म्हणतात, "औषध घेतीस का योगासनं करतीस?" परवा चुलीवरच्या तांबड्या रश्श्याचा वास जिन्यातच आला, म्हणून थेंबांविषयी तूर्त तक्रार नाही.

स्प्रेला चार स्टार. एक कापला तो कागदासाठी. मेडिकल बदललंय.