जुन्या गाडीत मोबाइलची गाणी: ऑक्स केबल की एफएम ट्रान्समीटर?

स्टिरिओला ऑक्सची, म्हणजे हेडफोनसारखी, पिन लागत असेल तर डोळे झाकून केबल घ्या. आवाज थेट तारेतून जातो. मोबाइल चार्जिंगला लावल्यावर कधी कधी गुणगुण येते, तेवढंच.

पिनची सोयच नसेल तर लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा ट्रान्समीटर. तो ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमधल्या रिकाम्या जागी गाणं सोडतो आणि रेडिओ ते पकडतो. पण मुंबईत हा पट्टा स्टेशनांनी गजबजलेला. तिथे सापडलेली मोकळी फ्रिक्वेन्सी घाट चढून पुण्यात उतरेपर्यंत मोकळी राहीलच असं नाही. ऐन आलापावर जाहिरात चढते. शिवाय एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचा, म्हणजे अगदी उंच पट्टीतला आवाज जवळपास जातच नाही, त्यामुळे झांजेची किणकिण बोथट होते. फ्रिक्वेन्सी बदलायचीच असेल तर गाडी बाजूला घेऊन बदला.