कॉम्प्रेसर गेला म्हणाला, गेला होता स्विच

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आमच्या नागपूरच्या घरातला दीड टनाचा विंडो एसी गार हवा देईना. पंखा फिरायचा, पण बटण लो कूलवर न्या की हाय कूलवर, कॉम्प्रेसर सुरू होताना बसणारा तो धक्काच नाही. खांबावर चिकटवलेल्या जाहिरातीतून मेकॅनिक बोलावला. त्यानं जाळी काढली, आत हात घातला, मान हलवली. "काकाजी, कॉम्प्रेसर गेला. वर्कशॉपला न्यावं लागते."

मीटर त्याच्या पिशवीत दिसत होता. तो बाहेर निघालाच नाही. बाहेर ४५ अंश आणि घरात म्हातारी आई. मीही विचारलं नाही.

२,००० आगाऊ घेतले. तिसऱ्या दिवशी एसी परत आला, एकूण ७,५०० रुपये. जुना कॉम्प्रेसर मागितला तर म्हणे, "तो दुकानात जमा करावा लागते, तेव्हाच नवा देतात." बिल वहीच्या पानावर. खोली गार झाली, विषय संपला.

पुढच्या उन्हाळ्यात सर्व्हिसिंगला दुसरा मुलगा आला. आत बघून त्यानं विचारलं, "कॉम्प्रेसर कधी बदलला म्हणता?" त्यावर काळ्या रंगाचा ताजा हात होता, पण खाली कंपनीची प्लेट तशीच, आणि तिच्यावर साल आम्ही एसी घेतला तेच. कॉम्प्रेसर बदलायचा तर तांब्याच्या नळ्या सोडवून पुन्हा ब्रेझिंग, म्हणजे आचेवर धातू वितळवून जोड, करावं लागतं, गॅस भरायची नळीही उघडावी लागते. इथे सगळे जोड कारखान्यातले, त्या नळीचं सीलसुद्धा. म्हणजे गॅसही जुनाच. नवा होता फक्त सिलेक्टर स्विच, म्हणजे फॅन-लो कूल-हाय कूलचं ते बटण, काही शे रुपयांचा.

पहिल्या मेकॅनिकनं न केलेली स्विचची तपासणी त्यानं मग मला करून दाखवली. प्लग काढला. कपॅसिटरला हात लावू दिला नाही, कारण प्लग काढल्यावरही त्यात झटका देण्याइतकी वीज साठून राहते. वायरींचा फोटो घेऊन स्विचवरचे थिंबल, म्हणजे वायरींच्या टोकाच्या धातूच्या टोप्या, उपसले. मीटर बीपवर ठेवला, म्हणजे दोन टोकांमध्ये विजेला वाट असली की तो वाजतो. एक टोक सप्लाय येतो तिथं, दुसरं कॉम्प्रेसरच्या वायरीच्या जागी. बटण फॅनवर असताना बीप नाही. लो कूल, हाय कूलवर बीप. मग पिशवीतून कुणाचा तरी जळका स्विच काढून त्यालाही तेच केलं: कूलवर मीटर मुका. थिंबल सैल झालं की तिथं ताप धरतो, प्लास्टिक वितळतं, आतला पॉइंट जळतो. पंखा वेगळ्या पॉइंटवर असल्यानं फिरत राहतो. आमचं तंतोतंत हेच झालं असणार.

थर्मोस्टॅट, म्हणजे खोली गार झाली की कॉम्प्रेसर थांबवणारा भाग, हाही कॉम्प्रेसरच्याच वाटेवर असतो, त्यामुळे त्याचा नंबर दुसरा. त्याचं बटण पूर्ण थंडावर फिरवून त्याचा बल्ब, म्हणजे तापमान ओळखणारं टोक, हाताच्या उबेत धरला की बीप यावा; बर्फाच्या पाण्यात बुडवून बटण कमी थंडावर आणलं की तो थांबावा. स्विच आणि थर्मोस्टॅट ठीक निघाले, कपॅसिटर आणि ओव्हरलोडही (कॉम्प्रेसर जास्त तापला की वीज तोडणारा भाग) चांगले असले, तरच कॉम्प्रेसरच्या तीन पिनांकडे जायचं. मोजून दहा-पंधरा मिनिटांचं काम, आणि तेही घरातच, आपल्या डोळ्यांसमोर.

पहिल्या मेकॅनिकचा जुना नंबर लावून पाहिला, बंद. खांबावर मात्र त्याच छापाची नवी जाहिरात आहे, नंबर तेवढा वेगळा. स्विच कसा आहे म्हणून मी विचारलं, तर मुलगा हसला. "स्विच चांगला टाकला जी त्यानं."